अडीच सूत

पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत एक स्वहस्ते असतातच. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात पेन, टेस्टर आणि सहा इंची पोलादी पट्टी. नळ गळो की मिक्सर बिघडो, वस्तूला परका हात लागता कामा नये. वहिनींनी एकदा परस्पर प्लंबर बोलावला, तर हे कितीतरी दिवस त्या नळाचं पाणी पीत नव्हते.

असे स्वहस्ते एका संध्याकाळी जाहीर करतात, "पलंग विकत आणायचा नाही. मी करणार."

लाकडाला फार वेळ लागत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 'बल्लारशाचं' म्हणून दिलेलं सागवान येतं, गच्चीवर रंधा फिरतो, साडेसहा बाय पाचचं माप आखलं जातं, बाजूच्या पट्ट्या आणि चार पाय तयार होतात. इथवर कोणीही पोचतो. स्वहस्त्यांना खरी तरतरी येते ती पुढच्या प्रश्नाला: पट्टी पायाला धरून ठेवायची कशानं?

जुन्या सुतारांचं उत्तर खाच आणि कुसू. आजोबांचा पलंग तसाच होता. पण तो वाड्याच्या माजघरात उभा राहिला आणि तिथेच म्हातारा झाला. याला गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर उतरायचंय, आणि जिन्याच्या वळणावर अख्खा पलंग फिरत नाही. म्हणजे सुटा होणारा हवा. फेव्हिकॉल बाद. एल-पट्टी? दोन-चारदा काढली-घातली की स्क्रूची भोकं सैल. मग लांब स्क्रू थेट पट्टीच्या टोकात मारला तर? "टोकात?" स्वहस्ते कपाळाला हात लावतात. टोकाशी लाकडाचे तंतू कापलेले असतात. स्क्रू तंतूंच्याच दिशेनं आत जातो, आट्यांना धरायला आडवं काही मिळतच नाही. मिनिफिक्स? ते चिपबोर्डच्या कपाटाला ठीक. उरला बॅरल नट.

इथे मला त्यांची बाजू घेणं भाग आहे. हे लहानसं लोखंडी नळकांडं, त्याच्या मधोमध आडवं आट्यांचं भोक. पट्टीत टोकापासून थोडं आत भोक पाडून ते बसवायचं. पायातून आरपार आलेला बोल्ट आतल्या आत त्यात फिरतो आणि पट्टीला पायाशी ओढून घेतो. नळकांडं तंतूंना आडवं बसतं, म्हणून ओढ आली तरी लाकूड सुटत नाही. नळकांड्याच्या डोक्यावर एक खाच असते, स्क्रूड्रायव्हरनं ती बोल्टच्या रेषेत आणली की आतलं भोक न दिसताही सापडतं. ज्यानं हे शोधलं त्याची तसबीर स्वहस्ते देवघरात लावतील.

तेव्हा मुक्काम रविवार पेठ, बोहरी आळी.

"आठ एमएमचे बॅरल नट आहेत?"

"अडीच सूत," मान वर न करता दुकानदार पोऱ्याला ओरडतो. "काका, बोल्ट किती किलो?"

झालं. स्वहस्ते पिशवी खाली ठेवतात. इंचाचे आठ सूत, अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. जाडीतला तेवढा फरक ते मोठ्या मनानं सोडून देतात. आटे मात्र सोडत नाहीत. या जुन्या इंची बोल्टांचे आटे व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज साहेबानं १८४१ साली मांडलेल्या पद्धतीचे, इंचाला अठरा. म्हणजे दर आट्याला १.४१ मिलिमीटर. मेट्रिकमध्ये तेच अंतर १.२५. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात दोन-तीन फेरे गोड बोलून जातो आणि मग अडकतो.

"पान्यानं आवळा काका, बसतं."

"बसत नाही. तुम्ही बसवता."

खिशातून पिच गेज निघतं. काउंटरवर बोल्टांची परेड भरते. मागे रंगारी, फॅब्रिकेटर, कडी घ्यायला आलेली एक बाई, सगळे खोळंबतात. दुकानदार जुना माणूस. तो चहा मागवतो आणि स्वहस्त्यांना स्टूल देतो. स्टूल अर्थात बाजूला, वाटेत येणार नाही असं.

आता दर्जा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलंच हवं. असा आठ एमएमचा एक बोल्ट ओढून तोडायला जवळजवळ तीन टनांचा जोर लागतो, आणि पलंगाला असे आठ. झोपणार दोघं. लाकूड कितीतरी आधी मान टाकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ते बोल्टाच्या डोक्याखाली मोठा वॉशर मागतात, नाहीतर डोकं सागवानात रुततं. (दुकानात वॉशरला 'वायसर' म्हणतात. स्वहस्ते दर वेळी दुरुस्त करतात, दुकानदार दर वेळी 'हो' म्हणून वायसरच देतो.)

इतकं करून बोल्ट मिळतात त्यांची लांबी पाच मिलिमीटर कमी. मग नाना पेठ. मग बुधवारचा जुना बाजार, जिथे बोल्ट सोडून एक सुंदर रिंच मिळतो. मुंबईचा भाचा कामं सोडून नागदेवी स्ट्रीटवर. ऑनलाइन मिळतात, हे सुनेनं सांगून पाहिलं. "हातात न घेता?" एवढंच उत्तर आलं.

पलंग शेवटी उभा राहतो आणि कुरकुरत नाही. त्यावर गडी उड्या मारून दाखवतो, खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आटतं, बोल्ट ढिले पडतात. म्हणून सहा एमएमची ॲलन की उशाशी. स्वहस्ते फळ्यांवर सतरंजी टाकून झोपतात आणि मध्येच उठून एकेक जोड चाचपतात. वहिनी अजून हॉलमधल्या लोखंडी कॉटवरच. परवा ते टॉर्च घेऊन त्या कॉटखाली शिरले, तिचे बोल्ट दोन सूत आहेत की सहा एमएम ते बघायला. वहिनींनी पाय वर घेतले आणि विचारलं, "अहो, गादी कधी आणताय?"

"आतलं माप पक्कं होऊ दे," कॉटखालून आवाज आला. "बाजारात गाद्या इंचात विकतात."