दहा जिंकले, दहा हरले, अन् तरी पहिला

"ऐकलंस का गं," म्हणत शेजारच्या मावशींनी कंपाऊंडच्या भिंतीवर कोपर टेकवलं की समजायचं, त्यांच्या गॅसवरची डाळ उतरली आणि आपला अर्धा तास गेला. मावशी मूळच्या नांदेडच्या. लग्न होऊन लातुरात आल्या त्याला जमाना झाला, पण तोंडातलं 'कामून' आणि 'हाव' काही सुटलं नाही. सध्या त्यांच्या माडीवर नीटच्या क्लासची तीन पोरं भाड्यानं राहतात. त्यातलं मुखेडकडचं एक लांबडं पोरगं संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलनं बॉलिंग करतं, आणि हे त्याच्या बापाला अजून माहीत नाही.

"बाप आला होता परवा. मलाच म्हणायलाय, मावशी, जरा लक्ष ठेवा. मी काय वॉचमन हाय का?"

"मग सांगितलं का त्याला?"

"कामून सांगू? पोरगं काय विड्या फुकायलंय का? यॉर्कर टाकायलंय. माझी कोरफडीची कुंडी फुटली, तरी मी शब्दानं बोलले नाही."

मी म्हटलं, बापाचंही चुकत नाही. लातूर पॅटर्न म्हणून पोरगं इथं घातलं, क्लासची फी, मेसचे पैसे, वर रूमभाडं. त्याला मार्क दिसायला पाहिजेत, विकेट नाहीत.

एवढं पुरलं. मावशींनी पदर खोचला.

"अगं, तुळजापूरचं राजवर्धन हंगरगेकर काय आभाळातून पडलं का? भवानीच्या गावचं पोरगं. २०२२ ला अंडर-नाइन्टीनचा वर्ल्डकप जिंकून आलं, अन् त्याच महिन्यात आयपीएलला चेन्नईनं दीड कोटीला घेतलं. बोली तीस लाखापासून सुरू झाली होती! पण ते साल बसवूनच ठेवलं की त्याला. पुढच्या साली, ३१ मार्चला, अहमदाबादेत पहिली मॅच दिली. तीन विकेट काढल्या. साहा, साई सुदर्शन, विजय शंकर."

"पण मॅच तर गुजरातनं जिंकली."

"तेच तर म्हणायलेय! ३६ धावांत तीन काढले, अजून काय करावं पोरानं? पहिल्याच मॅचला! त्या सीझनला दोनच मॅच खेळवल्या त्याला. शेवटी कप चेन्नईनंच उचलला, तेव्हा ह्याची आठवण कोणाला?"

मावशींचा हिशोब एकदम पक्का असतो. बॅटवाल्याच्या पन्नास धावा पेपरात येतात, मग टीम हरो की जिंको. चेंडू टाकणाऱ्याच्या वाट्याला मात्र शेवटची ओव्हर येते, आणि तीच लोकांच्या लक्षात राहते. अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखचं उदाहरण तर त्या हटकून देतात. 'काय पो छे'मध्ये अलीचं काम केलेलं ते पोरगं. सिनेमात त्यानं बॅट चालवली म्हणून घराघरात ओळखीचं झालं, मोठेपणी खरोखर फास्ट बॉलर झालं, २०१९ च्या डिसेंबरात मुंबई इंडियन्सनं वीस लाखाला घेतलंही. पण आजही गल्लीत कोणाला विचारा, 'तो सिनेमातला ना?' असंच म्हणतील.

"अन् शिकून बॉलिंग होत नाही असं कोण म्हणायलंय?" मावशींचं चालूच. "ते मुंबईचं सौरभ नेत्रवळकर बघ. के. एल. राहुलसंगं अंडर-नाइन्टीन खेळलं, मुंबईकडून रणजीचीही टोपी मिळाली, पण पुढं काही जमंना. गेलं अमेरिकेला शिकायला. ओरॅकलमध्ये कॉम्प्युटरचं काम, अन् सुट्टीला बॉलिंग. २०२४ च्या वर्ल्डकपात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये आडवं केलं का नाही? अठरा वाचवायच्या होत्या, तेराच दिल्या. सहा दिवसांनी आपल्यालाच नडलं. कोहली पहिल्याच चेंडूवर, मग रोहित. टाळ्या पिटाव्या का शिव्या घालाव्या, मला काही कळंना."

त्यांचा भाचा डॅलसला असतो. त्यानं सांगितलं म्हणे, पाकिस्तानची ती मॅच झाली ते ग्रँड प्रेअरीचं मैदान मुळात बेसबॉलचं. नंतर क्रिकेटसाठी पालटून घेतलं. त्याच उन्हाळ्यात तिथल्या मेजर लीग क्रिकेटमध्ये सगळ्यांत जास्त विकेट नेत्रवळकरच्याच, पंधरा. त्याची वॉशिंग्टन फ्रीडम चॅम्पियन झाली, म्हणून कौतुकही झालं.

आता माझीही गाडी सुटली. माझा धाकटा दीर पिट्सबर्गला आहे, आणि तिथल्या बेसबॉलचं वेड त्याला लागलंय. तो फोनवर पॉल स्कीन्स नावाच्या पिचरचं पुराण लावतो. २०२५ च्या सीझनला त्या पोराच्या नावावर दहा मॅच जिंकलेल्या आणि दहाच हरलेल्या. तरी साय यंग नावाचा पिचरचा सगळ्यांत मोठा मान त्यालाच मिळाला. तीसच्या तीस मतं पहिल्या नंबरची!

"अर्ध्या मॅच हरून? कोण वशिला होता?"

"वशिला नाही हो. एका पूर्ण मॅचमागं त्याच्या पदरात सरासरी १.९७ धावा. दोनसुद्धा नाहीत! पण त्याच्या टीमला धावा काढता येईनात, मग तो काय करणार? तिथल्या लिहिणाऱ्यांनी टीमकडं बघितलंच नाही, पोरानं काय टाकलं तेवढं बघितलं."

मावशी गप्प झाल्या. हे क्वचित होतं. मग म्हणाल्या, "अन् हा साय यंग कोण?"

"जुना पिचर. ५११ मॅच जिंकल्या त्यानं, तेवढ्या आजवर कोणाला जमल्या नाहीत. आणि सगळ्यांत जास्त हरण्याचा विक्रमही त्याचाच."

"घ्या! अन् त्याच्या नावानं बक्षीस? आपल्याकडं असता तर नाव कधीच पुसून टाकलं असतं."

पिचर म्हणजे काय ते सांगताना मात्र पंचाईत झाली. मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, पळत यायचं नाही, टप्पा पाडायचा नाही, साडेसाठ फुटांवरून चेंडू थेट सोडायचा. कोपर वाकलं तरी कोणी बोट दाखवत नाही. "म्हणजे फेकीच की!" मावशींनी निकाल दिला. "आमच्या गल्लीत फेकी टाकणाऱ्याला डाव द्यायचे नाहीत."

"पण त्यांचे लाड बघा. एकदा टाकलं की चार-पाच दिवस आराम. हात सांभाळायचा म्हणून चेंडू मोजतात. तरी २०२५ च्या फायनलला लॉस एंजेलिसच्या जपानी यामामोतोनं एका दिवशी ९६ चेंडू टाकले, आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या मॅचला परत उतरून ३४. टोरोंटोच्या तोंडचा घास काढला."

"दुसऱ्याच दिवशी? अन् त्याची आई काही म्हणाली नाही?"

"आई काय म्हणणार, मावशी? टीम जिंकली."

"हाव, जिंकली म्हणून. हरली असती तर त्याच बाईला लोकांनी विचारलं असतं, पोराला खायला काय घालता म्हणून."