टेकायचे किती?

इटलीचा एक्सेल तक्ता खिशात घेऊन फिरणारा एक तरी गृहस्थ आता प्रत्येक सोसायटीत असतो. आमचा तिसऱ्या मजल्यावर राहतो. जूनचा पहिला आठवडा, माणसं सहा, रात्री सहा, उत्तर इटली. म्हणजे मिलान, कोमोचा तलाव, वेरोना, व्हेनिस आणि डोलोमाइट्सना नुसतं ‘टच अँड गो’. हे टच करून गो व्हायला व्हेनिसहून जाऊन-येऊन सहाएक तास मोडतात, पण ते असो. तक्ता मात्र बघण्यासारखा आहे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी, शहराला एक रंग, जेवणाला दुसरा, फोटोला तिसरा. लघुशंकेलाही स्वतंत्र रकाना असून स्टेशनातल्या स्वच्छतागृहाचा माणशी एक युरो त्यात आगाऊ धरलेला आहे.

तक्ता घरच्यांपुढे टीव्हीच्या पडद्यावर सादर झाला. शेवटी ‘काही शंका?’ असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं, आणि मातोश्रींनी (वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे अजून मूळचेच) एवढंच विचारलं, ‘यात बसायचं कुठं रे?’

तक्त्यात बसणं नव्हतं. चालणं होतं, चढणं होतं, रांगेत उभं राहणं होतं, ‘पळत प्लॅटफॉर्म गाठणे’ ही ओळसुद्धा होती. बसणं कुठंच नव्हतं. असल्या माणसाला एखादी गोष्ट तक्त्यात राहून गेली असं कुणी दाखवून दिलं की अन्न गोड लागत नाही. त्याने अभ्यास केला, ‘बैठक’ नावाचा नवा रकाना घातला, आणि रविवारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. उत्तर इटलीत जोवर माणूस उभा आहे तोवर त्याला परवडतं. तो खाली बसू लागला की मीटर पडतो.

कॉफीचंच घ्या. काउंटरशी उभं राहून एस्प्रेसोचा घोट घेतलात तर सव्वा-दीड युरोत काम होतं. तीच कॉफी, त्याच यंत्रातली, तोच कप, पण तुम्ही चौकातल्या टेबलाशी बसलात तर तिप्पट-चौपट सहज. दरपत्रकावर दोन रकाने असतात, उभ्याचा आणि बसल्याचा, त्यामुळे फसवलं असंही म्हणता येत नाही. ही तफावत दुधाची नाही की साखरेची नाही, सगळी पार्श्वभागाची आहे.

जेवायला बसलात तर बिलाच्या तळाशी ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. टेबलावर पाव येतो तो यातच. पाव खाल्ला नाही तरी पैसे सुटत नाहीत, कारण ते पावाचे नसतातच, टेबलाला टेकल्याचे असतात. तीन युरो धरा, माणसं सहा, म्हणजे एका जेवणाला अठरा युरो. युरोला शंभर रुपये धरले तर घास तोंडात जाण्यापूर्वी १,८०० रुपये नुसते बूड टेकवल्याचे. सहा दिवस, दोन वेळा, म्हणजे २१,६०० रुपये. एवढ्यात घरी जेवणाच्या टेबलासकट सहा खुर्च्या आल्या असत्या, असं सूनबाई म्हणाल्या. त्यांना तक्त्यात मत नव्हतं.

व्हेनिसच्या सान मार्को चौकात हा रकाना फारच रंगतो. तिथल्या कॉफीगृहांबाहेर वाद्यवृंद वाजत असतो आणि तो वाजत असताना तुम्ही टेबलाशी असाल तर माणशी सहाएक युरो संगीताचे वेगळे लागतात. उभं राहून ऐकलं तर फुकट. म्हणजे कानांना दर नाही, दर पुन्हा बुडालाच. बरं, मग चौकात एखादा बाक? नाही. एवढा मोठा चौक, जगातून माणसं येतात, आणि फुकट बसायला बाक नाही. मग चर्चच्या नाहीतर वाड्यांच्या पायऱ्यांवर टेकावं? तिथं बसायला बंदी आहे. पायरीवर बसून डबा उघडलात तर दंड शंभर ते दोनशे युरो. आमच्या गृहस्थांच्या सामानात दशम्या, तिळकूट आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आहेत. त्यांची किंमत आता वीस हजारांपर्यंत जाऊ शकते हे कळल्यापासून आई त्या डब्याकडे जरा आदराने बघतात.

व्हिसासाठी माणशी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तो सगळ्यांचा निघालाय. म्हणजे व्हेनिसच्या उन्हात उभं राहून म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं तर तीस लाखांपर्यंतची सोय आहे. पडू नये म्हणून ते पायरीवर बसलं आणि बसल्याबसल्या पुरी खाल्ली, तर दंड.

आणि मग गोंडोला. गोंडोल्याचा दर शहराने ठरवून दिलेला आहे. दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर माणशी नसून होडीला असतो, हे वाचून आमच्या गृहस्थांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच नव्वदाला सहाने भागलं आणि माणशी पंधरा युरोत अर्धा तास गादीवर बसायला मिळतं, म्हणजे सबंध दौऱ्यातली सर्वांत वाजवी बैठक हीच, असा निष्कर्ष हिरव्या रंगात नोंदवून टाकला. पण गोंडोल्यात आता पाचच माणसं घेतात. पूर्वी सहा घेत. २०२० साली एक कमी केलं, आणि कारण काय दिलं? प्रवासी पूर्वीपेक्षा वजनदार झालेत, होडी बुडेल. जगभरच्या पर्यटकांनी मिळून खाल्लेल्या पिझ्झ्याची शिक्षा आमच्या तिसऱ्या मजल्याला. आता सहावा कोण? दुसरी होडी केली तर १८० युरो, म्हणजे अठरा हजार रुपये, आणि दुसऱ्या होडीत एकटाच माणूस राजासारखा बसलेला. धाकटीला मांडीवर घेऊ म्हटलं तर माणूस तो माणूस, असं नावाडी म्हणणार. बाबा म्हणाले, मी काठावर थांबतो, तुमचे फोटो काढतो. पण काठावर थांबायचं म्हणजे उभंच राहायचं, बसलात तर पुन्हा मघाचा दंड. तेव्हा घरात सहाही जणांची वजनं झाली. कशासाठी, ते मला अजून समजलेलं नाही. नियमात डोकी मोजतात, किलो नव्हे. पण तक्ता म्हटला की आकडा हवा, आणि तो आकडा आता त्यात आहे. सूनबाई त्या दिवसापासून तक्त्याच्या मालकाशी बोलत नाहीत.

यावर उपाय व्हेनिसमध्येच आहे आणि तो दोन युरोंचा आहे. ग्रँड कॅनॉल ओलांडायला ‘त्रागेत्तो’ नावाची होडी असते, गोंडोल्याचीच थोरली बहीण, बिनगाद्यांची. दोन युरो दिले की दोन-चार मिनिटांत पलीकडे. मात्र तिथल्या रीतीप्रमाणे ती उभ्याने ओलांडायची. गावकरी भाजीच्या पिशव्या घेऊन हलत्या होडीत खांबासारखे उभे असतात. तेच पाणी, तीच वल्ही. उभ्याला दोन, बसल्याला नव्वद. बसण्याचा भाव इतक्या स्वच्छपणे मांडणारं दुसरं दरपत्रक मी पाहिलेलं नाही.

मिलानमध्ये तर चित्रातली माणसं बसलेली आहेत आणि आपण उभे. ‘द लास्ट सपर’ बघायला नावानिशी तिकीट लागतं, ते कित्येक आठवडे आधी संपतं, आणि आत पंधरा मिनिटं मिळतात. टेबलाच्या एकाच बाजूला तेरा जण पाचशेवर वर्षं बसून आहेत. समोरची बाजू सगळी रिकामी. आई तिथं काय म्हणतील याची मला भीती वाटते. वेरोनाला ज्युलिएटची बाल्कनी आहे. ज्युलिएट नाटकातली, बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली, आणि तीत जायला तिकीट आहे. तिथंही उभंच राहायचं.

हे सगळं हसत लिहायला घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर आता डोकं तापायला लागलंय.

व्हेनिसवाल्यांची बाजू मला कळते. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहत होती, आज पन्नास हजारही उरलेली नाहीत. ज्यांच्या दाराच्या पायरीवर रोज कुणीतरी अनोळखी माणूस सँडविच खात बसतो त्यांनी किती सोसायचं? दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घेतात, उशिरा नोंद केली तर दहा. घ्या बापडे. पण पायरीवर बसणं हा उपद्रव आणि त्याच चौकात पसरलेल्या टेबलखुर्च्या ही संस्कृती, हे गणित कुणी मांडलं? दगड तोच, ऊन तेच, कबुतरं तीच. चौक सगळ्यांचा आणि खुर्ची पैसेवाल्याची. ज्याला थकवा येतो त्याने थकव्याचे पैसे मोजावेत, नाहीतर चालत राहावं. पंचविशीतल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. तो उभ्याने कॉफी पितो, उभ्याने फोटो काढतो, त्याला इटली स्वस्त. इटली महाग पडते ती गुडघ्यांना, गरोदर बाईला आणि कडेवर पोर असलेल्या बापाला. वेरोनाची अरेना बघा. पहिल्या शतकातली. तीसेक हजार माणसं बसतील एवढ्या दगडी पायऱ्या रोमनांनी रचल्या, त्या अजून आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर बसून लोक मध्यरात्रीपर्यंत ऑपेरा ऐकतात. भूक, गुलामी, सिंहाच्या तोंडी माणसं देणं, सगळं त्या काळात होतं. पण माणूस आला म्हणजे तो कुठंतरी बसणार, एवढं त्यांना कळत होतं.

आणि आपण इटलीला नावं ठेवायला नकोतच. आपल्या बाजारपेठांत जाऊन बघा. दुकानाच्या ओट्यावर, बँकेच्या कठड्यावर, इमारतीच्या कुंपणभिंतीवर लोखंडी खिळे ठोकलेले असतात, वर तोंड करून. भाजीची पिशवी घेतलेली बाई क्षणभर टेकेल म्हणून. कुत्र्यासाठी नाही, चोरासाठी नाही, टेकणाऱ्यासाठी. देवळातून दर्शन घेऊन निघताना पायरीवर घटकाभर बसल्याशिवाय जाऊ नये असं ज्या लोकांत सांगतात, त्यांच्यातच हे खिळे विकले जातात, फुटाच्या भावाने. इटलीवाले निदान पावती तरी देतात.

असो. तक्त्याची सुधारित आवृत्ती काल आली. स्वस्तातल्या बैठकी त्यांनी शोधून काढल्यात आणि त्या खरोखर आहेत. मिलानहून कोमोच्या तलावाकाठच्या वारेन्नाला जाणारी साधी गाडी तासाभराची, आरक्षण नाही, संगीत नाही, पाव नाही, तिकिटात बसणं आलंच आणि खिडकीतून तलाव. वारेन्नाहून बेलाज्जोला जाणारी संथ फेरी, तीही तशीच. आई म्हणाल्या, ‘मग सहाही दिवस हेच करू की. इकडून तिकडं जायचं, तिकडून इकडं यायचं.’ सबंध तक्त्यावर आजवर झालेली ही एकमेव शहाणी सूचना. ती फेटाळण्यात आली. डोलोमाइट्सचं टच अँड गो राहील म्हणून. शिवाय जलद बोट वेळ वाचवते, आणि वाचलेल्या वेळात आणखी एक गाव ‘होतं’.

तोडगा असा निघालाय. गल्लीतल्या साध्या चर्चमध्ये बाकावर बसायला पैसे पडत नाहीत, निदान अजून तरी. तेव्हा प्रत्येक शहरात आईंना एका चर्चमध्ये बसवायचं, बाकीच्यांनी शहर ‘करून’ यायचं आणि जाताना त्यांना घ्यायचं. तक्त्यात तशी ओळच आहे: ‘आई, ठेवणे ९.३०, उचलणे ५.१५.’ तिच्या लगेच खाली स्टेशनवर बॅगा ठेवायची ओळ येते. बॅगांना तासांवर पैसे पडतात. तुलना सोपी व्हावी म्हणून दोन्ही रकमा शेजारीशेजारी मांडल्यात, आणि आईंच्या शून्याला हिरवा रंग दिलाय.