हॅकवैद्य

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक हॅकवैद्य असतो. चेअरमन निवडून येतो, सेक्रेटरीपद कुणाच्या तरी गळ्यात पडतं. हॅकवैद्य मात्र स्वयंभू. वय पासष्टच्या पुढे, निवृत्ती वीज मंडळातून नाहीतर विम्यातून, आणि खिशात चॉकलेटी पाकिटातला फोन. आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू.

भाऊसाहेबांचं निदान एकच. बॅटरी लवकर उतरते? हॅक. फोन तापतो? हॅक. जोशीकाकू सुनेशी चपलांविषयी बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर चपलांची जाहिरात आली? मग तर शंकाच नको. औषधही एकच: फोन बंद करा, शंभरपर्यंत आकडे मोजा, चालू करा. बहुतेक फोन याने बरे होतात, कारण बहुतेक फोनांना काही झालेलंच नसतं. त्यामुळे भाऊसाहेबांच्या हाताला गुण आहे, असा सोसायटीत लौकिक.

स्वतःच्या बाबतीत ते फार जपतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी. एटीएमचा पिन कार्डामागेच चिठ्ठीवर, पण चोराला चकवायला उलटा लिहिलेला. ओटीपी आला की बायकोला दिसू नये म्हणून पडद्यावर हात धरतात. आणि 'गॅस एजन्सीतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तोच ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात, दोनदा, कारण त्याला नीट ऐकू येत नाही.

वर्षातून एकदोनदा त्यांचं निवेदन येतं: 'माझं फेसबुक हॅक झालं आहे. माझ्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.' (भाऊसाहेबांनी स्वतः मागितले तरी कोणी दिले नसते, पण ते असो.) प्रत्यक्षात त्यांच्या खात्यात कोणी घुसलेलं नसतं. कुणीतरी त्यांचा महाबळेश्वरचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं उघडलेलं असतं आणि त्यावरून त्यांच्याच मित्रांना विनंत्या धाडलेल्या असतात. तिथे पासवर्ड बदलून उपयोग नाही. ते खोटं खातं तोतयाचं आहे, अशी फेसबुककडे तक्रार करायची, मित्रांनाही करायला सांगायचं, आणि आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही असं करून ठेवायचं. हे भाऊसाहेबांना पटत नाही. हॅक होण्यात एक मान आहे. फोटो चोरीला जाणं काय, कुणाचंही होतं.

मग ऐन लग्नसराईत त्यांना एक निमंत्रण आलं, तेही एका जुन्या सहकाऱ्याच्या नंबरावरून. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं होती. ती भाऊसाहेबांना नवऱ्यामुलाची पदवी वाटली. फाइल उघडताना फोनने विचारलं, हे ॲप बसवू का? मेसेज वाचू देऊ का? कॉन्टॅक्ट पाहू देऊ का? लग्नकार्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळ्याला हो.

पत्रिका काही दिसली नाही. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे सरळ ॲपच. त्या ॲपने आलेले ओटीपी गुपचूप बाहेर पाठवायला सुरुवात केली, आणि तीच पत्रिका भाऊसाहेबांच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवरही टाकली. निम्म्या सोसायटीने ती उघडायला घेतली. पाठवणारे साक्षात भाऊसाहेब होते!

खात्यातून वीस हजार कापल्याचा मेसेज आला तेव्हा भाऊसाहेबांनी काय करावं? ते जाहीर निवेदन लिहायला बसले.

"अहो, आधी बँकेला फोन करा!"

"अगं थांब, 'निवेदना'तला 'नि' ऱ्हस्व ना?"

दुसऱ्या खर्ड्याच्या सुमारास आणखी नऊ हजार गेले. तेव्हा वहिनींनी तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीला हाक मारली.

"काका, फोन द्या इकडे." तिने पहिल्यांदा फोन एरोप्लेन मोडवर टाकला आणि वायफायही बंद केलं. मग वहिनींच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवलं, आणि लगेच १९३० लावला. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभरचा नंबर. चोरीचे पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत जातात. कुणी एटीएममधून काढायच्या आत तक्रार पोहोचली, तर मधल्या खात्यात ते अडवता येतात.

"फॉरमॅट मारू या," भाऊसाहेब म्हणाले. वैद्यकी सुटत नव्हती.

"नको काका. तो मेसेज, ती फाइल, बँकेचे एसएमएस, सगळं तक्रारीला लागेल. आधी फोटो काढून ठेवू. पुसायचं ते नंतर."

पासवर्डही तिने वहिनींच्याच फोनवरून बदलले. बाधा झालेल्या फोनवर नवा पासवर्ड टाकायचा म्हणजे तोही चोराच्या हाती द्यायचा. व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडले, तर तिथे एक अनोळखी संगणक ठाण मांडून बसलेला. त्याला बाहेर काढलं. फोन पुसून झाल्यावर दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावला. पिन उलटा लिहून ठेवायला मनाई केली.

मधल्या एका खात्यात काही रक्कम अडकली. पण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाने असा नियम घातला होता की, आपल्या हलगर्जीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ते नऊ हजार शुद्धलेखनाच्या खाती गेले.

भाऊसाहेब खचले असतील असं वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलं नाही. पूर्वी ते ऐकीव बोलत, आता अनुभवाने बोलतात. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतर 'सायबर सुरक्षा आणि आपण' या विषयावर त्यांचं भाषण झालं. त्या मुलीचा उल्लेख 'माझी सहायक' असा झाला. लिफ्टमध्ये त्यांनी एक कागदही चिकटवलाय: 'हॅक झाल्यास १९३०वर कळवावे. त्यापूर्वी मला भेटावे. – आदेशावरून.'

त्यातलं दुसरं वाक्य सोडून द्या. नंबर बरोबर आहे, आजच फोनमध्ये आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.