तलावांच्या शहरातला आणखी एक

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण त्यातला एक माझ्या गाडीच्या डिकीत आहे हे मला पापडांनी सांगितलं. ताईनं चिपळूणहून दिलेले पोह्याचे पापड, कुरडया, सांडगे असा सगळा ऐवज मी हळुवारपणे डिकीत ठेवला, "फार हलवू नकोस रे, मोडतील" ही तिची सूचना शिरसावंद्य मानून पुढच्या रविवारपर्यंत त्याला हातसुद्धा लावला नाही, आणि रविवारी पिशवी उघडली तर खरंच काही मोडलं नव्हतं. सगळ्याचं परत पीठ झालं होतं.

तसा गाडीला वास बरेच दिवस येत होता. त्याचा आळ मी आधी मुलाच्या फुटबॉलच्या बुटांवर आणि नंतर, मनातल्या मनात, ऑफिसातून सोबत येणाऱ्या एका सज्जन गृहस्थांवर घेतला होता. आता डिकीतला गालिचा उचलला, खालची फळी उचलली, तर स्टेपनी खुशाल पाण्यात बसलेली आणि शेजारी जॅक गंजून लाल. वाटी, बादली आणि जुना बनियन घेऊन मी पाणी उपसलं. रात्री पाऊस पडला, सकाळी तलाव पूर्ववत.

नेमकी तेव्हाच महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत इमारतीत आली. डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, ही माहिती त्यांनी कुंड्यांखालच्या बशा तपासताना आम्हाला दिली. ते खाली पार्किंगमध्ये उतरले तेव्हा मी डिकीला टेकून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो. त्यातही पाण्याचा विषय शिताफीनं टाळला.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं विचार करायचं ठरवलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. गाडीचं छत दीड चौरस मीटर धरलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तसा पुन्हा पडला, तर नुसत्या छतावरून चौदाशे लिटर पाणी मागे वाहत येईल, असं मी विजेच्या बिलाच्या पाठीवर सिद्ध केलं. बायकोनं ते शांतपणे वाचून विचारलं, "आणि भोक कुठं आहे?"

ते गणितात येत नव्हतं.

सोसायटीत मात्र ज्याला त्याला माहीत होतं. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, डिकीच्या कडेचं रबर. सेक्रेटरी म्हणाले, छताच्या पट्टीखालचा जोड. वॉचमनचं मत अँटेनावर होतं. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक ठिकाण खरोखरच गळू शकतं, आणि पाणी शिरतं एकीकडे, पत्र्याच्या आतून घरंगळत जातं दुसरीकडे आणि साचतं तिसरीकडेच, कारण स्टेपनीचा खड्डा सगळ्यात खोल. मी सगळ्यांना मान देऊन तिन्ही ठिकाणी एमसील लावलं. अँटेना आता वळत नाही.

रबर तपासायची एक पद्धत आहे: कागदाची पट्टी मधे धरून डिकी लावायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर सैल. माझ्या हाताशी कागद नव्हता म्हणून दहाची नोट धरली, आणि रबर इतकं उत्तम निघालं की अर्धी नोट आतच राहिली. दुसरी पद्धत टाल्कम पावडरची. कडेनं पावडर भुरभुरवायची, पाणी जिथून येईल तिथे ओघळ उमटतो. यासाठी बायकोचा चंदनाचा डबा कामी आला. तो कामी आल्याचं तिला मागाहून कळलं.

शेवटी आपणच आत बसून बघायचं ठरलं. मी टॉर्च घेऊन डिकीत शिरणार, ती बाहेरून पाइपनं पाणी मारणार. शिरण्यापूर्वी सवयीनं चारही दारं लॉक केली, किल्ली लेंग्याच्या खिशात टाकली, पाय पोटाशी घेतले आणि झाकण स्वतःच ओढून घेतलं. खट्.

"अहो, किल्ली कुठंय?"

"माझ्या खिशात."

"आणि तुम्ही?"

डिकी उघडायची खिट्टी ड्रायव्हरच्या सीटखाली. रिमोटचा सेल गेलेला, तो बदलायचं मी दिवाळीपासून म्हणत होतो. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या गाड्यांना डिकी आतून उघडण्याची सोय सक्तीची आहे, अंधारातसुद्धा दिसेल अशी, हे मी नंतर वाचलं. माझ्या गाडीत आतून दिसत होतं ते एमसील.

ती दुसरी किल्ली शोधायला वर गेली आणि जाताना चालू पाइप तसाच गाडीच्या मागच्या बाजूला टेकवून गेली. थोड्या वेळानं माझ्या कानात थेंब पडला. टॉर्च मारला, तर डाव्या टेललाइटच्या मागून पाणी शिरत होतं, वायरवरून पुढे सरकत होतं आणि पत्र्यावरून सरळ स्टेपनीत उतरत होतं. "सापडलं! सापडलं!" मी आतून ओरडलो. वॉचमननं ते ऐकलं आणि इंटरकॉमवरून तत्परतेनं वर कळवलं, "मॅडम, सापडली म्हणतायत."

तिनं शोधायचं थांबवलं आणि चहा टाकला.

बाहेर आल्यावर (कसा आणि किती लोकांसमक्ष, ते राहू द्या) मी टेललाइट खोलला. आतून नट काढले, त्यातला एक दोन पत्र्यांच्या मधे पडला आणि आजही प्रत्येक स्पीडब्रेकरला हजेरी देतो. दिव्यामागचं फोमचं गॅस्केट कुरडईसारखं वाळून चुरचुरत होतं. ते खरवडून मी बाथरूमच्या कामातलं उरलेलं सिलिकॉन सढळ हातानं थापलं. गाडीला व्हिनेगरचा वास सुटला. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं नुसतं हुंगून निदान केलं: हे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्यानं पत्रा गंजतो. "साहेब, हे बाथरूमला लावा." त्यानं ते काढून नवीन गॅस्केट बसवलं. चहा संपायच्या आत काम झालं, आणि त्यातला निम्मा वेळ माझं सिलिकॉन खरवडण्यात गेला.

जाता जाता त्यानं स्टेपनी उचलली, खड्ड्याच्या तळाशी बोट घातलं आणि एक रबरी बूच उपटलं. उरलेलं पाणी भळाभळा खाली गेलं. माझ्या हातात वाटी होती.

असं बूच पुष्कळ गाड्यांत असतं. आजच स्टेपनी उचलून तुमच्या गाडीतलं बघून ठेवा, आणि डिकीत शिरायची वेळ आलीच तर किल्ली बायकोकडे द्या.