एक घाव, दोन कनेक्शन

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या कुठल्याही व्यापारी इमारतीच्या सभेत हल्ली एक विषय हमखास निघतो. नेट. फायबर घ्यायचं की बिनतारी? अर्धे गाळेधारक म्हणतात, तारेला पर्याय नाही. उरलेले म्हणतात, गच्चीवर डबा बसवा, खोदाई नको नि खिळे ठोकणं नको. तासभर वाद होतो, चहा येतो, आणि शेवटी जो प्लॅन स्वस्त तो मंजूर होतो.

तार इमारतीत शिरते कुठून, हे कुणीच विचारत नाही.

अप्पा बळवंत चौकात उभे राहा आणि मान वर करा. नाहीतर तपकीर गल्लीत शिरा. ‘अत्याधुनिक फायबर’ म्हणून विकलेली काळी तार विजेच्या खांबावरून दुकानाच्या पाटीवर, तिथून शेजारच्या गॅलरीच्या गजाला आणि गजावरून तुमच्या जिन्यात येते. जास्तीचं वेटोळं तिथेच खिळ्याला टांगलेलं. यातली निम्मी जिवंत, निम्मी मेलेली. कुठली कुठली, ते लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वास्तविक फायबरसारखी गुणी तार नाही. आत केसाएवढी काच आणि काचेतून प्रकाश. शेजारून विजेची केबल गेली तरी त्रास नाही, पाऊस पडला तरी वेग कमी होत नाही, अंतर वाढलं तरी तांब्यासारखी ती दमत नाही. पण उंच टेम्पो अडकला की संपलं. काच ती काचच.

आता वर्षाचं पंचांग बघा. विसर्जन मिरवणूक मंडईतून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते. रथ उंच, देखावे त्याहून उंच. म्हणून उत्सवाआधी मार्गावर लोंबणाऱ्या तारा काढायच्या, हा दरवर्षीचा कार्यक्रम. काढायलाच हव्यात. पण बरोबर त्याच दिवसांत दुकानांचं बिलिंग मशीन ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणतं आणि मालक केबलवाल्याला फोन लावत बसतात.

मिरवणुकीचा मार्ग काय काल ठरला?

‘म्हणूनच तर आम्ही बिनतारी म्हणतो,’ गच्चीवाला गट लगेच उसळतो. थांबा. 5जी वर चालणारी जिओ एअरफायबर सेवा 8 शहरांत सुरू झाली ती 19 सप्टेंबर 2023 ला. पुणे त्यात होतं आणि दिवस होता गणेश चतुर्थीचा. मुहूर्त उत्तम. पण अशी कुठलीही सेवा, कुठल्याही कंपनीची, टॉवरच्या क्षमतेतला वाटा घेऊन चालते. आणि दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी त्याच टॉवरवरून फोटो पाठवत असते, व्हिडिओ कॉल करत असते.

क्षमता राखून ठेवण्याचं तंत्र 5जीमध्ये आहे. तुमच्या जोडणीसाठी ते वापरलंय का? विक्रेत्याला विचारा. आणि उत्तर लेखी मागा.

दुसरा प्रकार गच्चीवरून गच्चीवर नेम धरून लावलेल्या रेडिओचा. समोरासमोर दिसत असेल तर काम झकास होतं. पण पेठेत वाडे पडताहेत आणि इमारती उठताहेत. आज नजरेच्या टप्प्यात असलेला मनोरा पुढच्या वर्षी कुणाच्या पाण्याच्या टाकीमागे जाईल, सांगता येत नाही. शिवाय 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग 2018 पासून परवान्याविना खुला आहे. खुला म्हणजे सगळ्यांनाच. तुमचा रेडिओ, शेजाऱ्याचा वायफाय, पलीकडच्या हॉटेलचा वायफाय, सगळे एकाच अंगणात ओरडणार.

म्हणून बिनतारी टाकाऊ का? मुळीच नाही. भाड्याचा गाळा सहा महिन्यांसाठी आहे, घरमालक भिंतीला हात लावू देत नाही, फायबरची परवानगी अडकली आहे, तिथे ती दोन दिवसांत उभी राहते. आणि तिचं खरं मोल वेगळंच आहे. ती रस्त्यावरून येत नाही.

इथेच सगळी मेख आहे.

शहाणे व्यापारी दोन कनेक्शन घेतात. एक या कंपनीचं, एक त्या. एक गेलं तर दुसरं चालेल, हा हिशेब. पण दोन्ही तारा त्याच खांबावरून, त्याच गजावरून, त्याच जिन्यातून येत असतील तर? जेसीबीचा एक दात, एक टेम्पो, एक कात्री. एक घाव, दोन कनेक्शन. पैसे मात्र दोघांना.

दुसरी कंपनी म्हणजे दुसरी वाट नव्हे. एक फायबर शिवाजी रस्त्याच्या बाजूने आणि दुसरं मागच्या बोळातून, याला दोन म्हणावं. तेही जमत नसेल तर खाली एक फायबर आणि वर एक बिनतारी. दोन वाटा हाताळणारा राउटर घ्या. एक बंद पडली की तो आपोआप दुसरीवर जातो. तो विकत घ्यायला पेठेबाहेर जावं लागत नाही, तपकीर गल्ली आहेच.

बरं, वेग किती घ्यायचा? ‘300 चा घ्या, 500 चा घ्या.’ कशाला? यूपीआयच्या एका व्यवहाराला काही किलोबाइट पुरतात. काउंटरवर स्कॅनर अडतो तो वेग कमी म्हणून नव्हे, जोडणीच गेली म्हणून.

पण वर पाठवायचा वेग कुणी पाहतं? अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाला छापखान्याकडे 200 एमबीची फाइल धाडायची आहे. वर जाणारा वेग 10 एमबीपीएस असेल तर सगळं सुरळीत असताना 160 सेकंद, 100 असेल तर 16. दिवसाला अशा वीस फाइली असल्या की फरक कळतो. 16 कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएसने इमारतीबाहेर साठवायचे ठरवले, तर 32 एमबीपीएस चोवीस तास फक्त त्यांनाच लागतात. आणि बिनतारी प्लॅनमध्ये वर जाणारा वेग बहुधा खाली येणाऱ्याच्या मानाने बराच कमी असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो खाली येणारा.

फायबरवाल्यांनीही फार ताठ चालू नये. नेहमीच्या फायबर ब्रॉडबँडच्या जीपॉन पद्धतीत अडीच जीबीपीएसची एकच धार 32 किंवा 64 ग्राहकांत वाटलेली असते. आपल्यापुरती राखीव वाट हवी असेल तर लीज्ड लाइन घ्यावी लागते आणि ती कितीतरी महाग पडते. पुस्तकाच्या दुकानाला तिची गरज नाही. वरच्या मजल्यावरच्या निदान केंद्राला असू शकते.

आणि ती टक्केवारी! ‘99 टक्के सेवा चालू राहील, साहेब.’ ऐकायला छान. हिशेब करा. वर्षाचे तास 8,760. एक टक्का म्हणजे 87 तासांहून जास्त, साडेतीन दिवस. 99.9 म्हटलं तर पावणेनऊ तास. दशांशचिन्हापुढच्या त्या एका नऊला तीन दिवसांची किंमत आहे. आणि हे साडेतीन दिवस दिवाळीआधीच्या आठवड्यात आले तर?

निम्म्या तक्रारींचा तर फायबरशीही संबंध नसतो नि टॉवरशीही. फायबर तळमजल्यावर आलंय, राउटर मीटरच्या खोलीत कोंबलाय, आणि जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतींपलीकडे, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी ‘नेट स्लो आहे’ म्हणतंय. भिंतीचा राग कंपनीवर. बिलिंगच्या मशीनला सरळ केबल ओढून द्या. वायफाय गिऱ्हाइकांच्या फोनसाठी ठेवा. आणि राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडा, कारण काचेला वीज लागत नसली तरी डब्याला लागते.

आता परवानगीचा भाग. इथे गोष्ट बिघडते ती तंत्रामुळे नाही. इमारत बांधणारा किंवा कमिटीतला कुणी एकाच कंपनीशी जमवून टाकतो. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला जिन्यात पाऊल ठेवता येत नाही. गाळेधारकाला वाटतं, या भागात दुसरं कनेक्शन मिळतच नाही. मिळतं. दारात अडवलेलं असतं. अशी मक्तेदारी नको, इमारतीत सगळ्या कंपन्यांना सारखा प्रवेश हवा, ही शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने 2017 च्या जानेवारीतच केली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये ट्रायने इमारतींच्या डिजिटल जोडणीला तारांकित मानांकन देण्याचे नियमही काढले. हॉटेलासारखे तारे आता इमारतीलाही. ते भाडेकरूने विचारायला सुरुवात केली की कमिटीचे दरवाजे आपोआप उघडतील.

रस्त्याचंही तसंच. तारा टाकण्याच्या वाटेच्या हक्काचे नवे केंद्रीय नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. खोदण्याआधी खालच्या तारांच्या मालकांना कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप 22 मार्च 2023 लाच सुरू झालं. पेठेत खोदाई दिसली की मुकादमाला त्या ॲपचं नाव विचारून बघा. चेहरा वाचा.

या शहराने पेठांच्या पोटातून मेट्रो नेली. सप्टेंबर 2024 पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी जमिनीखालून धावते. एवढा बोगदा जमतो आणि रस्ता उघडा असताना चार इंची रिकामा पाइप टाकायचं जमत नाही? ड्रेनेजसाठी खणलं, बुजवलं. पाण्यासाठी खणलं, बुजवलं. केबलसाठी पुन्हा खणलं. प्रत्येक वेळी खणताना आधीची केबल तुटली.

महापालिकेने पेठांतला रस्ता पुढच्या वेळी कुठल्याही कामासाठी उघडला, तर तो रिकामा डक्ट टाकूनच बुजवावा आणि भाड्याने सगळ्या कंपन्यांना सारखा खुला ठेवावा. वरच्या तारा उतरवण्याचा दुसरा मार्ग नाही. कात्रीने त्या फक्त आठवडाभर उतरतात.

तोवर गाळेधारकांनी आपल्यापुरतं करावं. सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा: तार इमारतीपर्यंत कुठल्या वाटेने येणार, वर जाणारा वेग किती, तुटली तर किती तासांत जोडणार. तिसऱ्याचं उत्तर ‘लगेच माणूस पाठवतो’ असं आलं, तर दुसऱ्या कंपनीला बोलवा. आणि पुढच्या सभेत स्वस्त प्लॅनच्या आधी एक ठराव मांडा: दुसऱ्या कंपनीला मागच्या जिन्याने आत येऊ द्यायचं. विरोध कोण करतो, ते इतिवृत्तात लिहून घ्या.