आधी काठावरच्यांचं पाणी

पाणी, वीज आणि अन्न यांचा विचार एकत्र करा, असं जगातले तज्ज्ञ २०११च्या बॉन परिषदेपासून सांगत आहेत. डहाणू-तलासरीला हे नव्याने शिकायचं नाही. इथे तिन्ही पिकतात.

प्रश्न आहे तो नेतं कोण याचा.

डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र १९९५ पासून चालू आहे. क्षमता ५०० मेगावॉट. कोळसा इथे जळतो, राख इथे साचते. दिवे मुंबईच्या उपनगरांत लागतात.

सूर्या नदीवर धामणीचं धरण बांधलं ते सिंचनासाठी. डहाणू, पालघर, विक्रमगडची सुमारे १४ हजार ७०० हेक्टर जमीन भिजवायची होती. त्यासाठी आदिवासींनी गावं सोडली. आज त्याच धरणावर शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. वसई-विरारला १८५, मीरा-भाईंदरला २१८. शहरांनी तहानलेलं राहावं असं कोण म्हणेल? तिथेही बाया टँकरमागे धावल्या आहेत. पण शहराच्या वाट्याचा लिटरन् लिटर कागदावर पक्का असतो.

शेतकऱ्याच्या चारीला मात्र उरेल ते!

तलासरीकडे वळा. मुंबईतले गोठे हलवायचे आणि मुंबईला दूध पुरवायचं म्हणून दापचरीला दुग्धप्रकल्प आला. प्रकल्प मरगळला. जमीन गेली ती गेलीच.

पाऊस कमी आहे का? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरी एप्रिलमध्ये पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसतो. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही, पीक नाही म्हणून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं जगायला बाहेर पडतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटीवर. पोरांची शाळा तिथेच सुटते. बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत माणूसही येतो, हे कुठल्या प्रकल्प अहवालात लिहिलेलं असतं?

हे बदलता येत नाही, असं कुणी सांगू नये. एकदा बदललं होतं.

२० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. चिमणीतून निघणारा गंधकाचा धूर चिकूच्या वाड्यांवर येतो, तो आधी धुवा, असं प्राधिकरणाने वीज कंपनीला बजावलं. कंपनीने वर्षानुवर्षं चालढकल केली. प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ मध्ये धूर धुणारी यंत्रणा बसली. वीज थांबली नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

समतोल आपोआप साधला नाही. दंडा हातात असलेला राखणदार होता.

पण राखणदारही बदलतो. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरचं वाढवण बंदर नाकारलं होतं. जुलै २०२३ मध्ये त्यानेच परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून विरोधात उभे आहेत. अन्नसुरक्षेवर भाषणं करणाऱ्यांना विचारायला हवं: मासा हे अन्न नाही का?

म्हणून राखणदारावर विसंबू नका, हक्क कागदावर आणा. धामणीच्या पाण्याचं वेळापत्रक ठरेल तेव्हा कालव्याचा हिस्सा पहिल्या ओळीत लिहा, हेक्टर आणि तारखांसह. शहरांचा त्याखाली. पाऊस कमी झाला तर कपात दोघांना सारखी. चाऱ्यांची गळती रब्बीचं पाणी सुटायच्या आधी बुजवा, ज्या घाईने शहराची पाइपलाइन टाकली त्याच घाईने. आणि हा कागद मंत्रालयात मंजूर होण्याआधी पाड्यावरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.