चान्स किती?

आमच्या पुतणीला आयआयटीत प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे ती सोडून अख्ख्या पैठणला ठाऊक आहे. बसस्टँडजवळच्या हॉटेलात 80 टक्के सांगतात. नाथमंदिराच्या वाटेवर आकडा 60 वर येतो आणि घाटावर पोचेपर्यंत ‘पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता’ इथवर घसरतो. कटिंगच्या दुकानात चष्म्याच्या नंबरावरून भविष्य निघतं. शेजारच्या काकू म्हणतात, “रात्री दोनला तुमच्याकडं लाइट असतो. लागतोय नंबर!” तो लाइट माझ्या खोलीतला. मला झोप लागत नाही.

जानेवारीच्या जेईई मेनमध्ये तिला 95 पर्सेंटाइल मिळाले. त्यापुढं दशांशचिन्ह आणि आणखी सात आकडे होते, पण ते वाचायला कुणी थांबलंच नाही. काकू पेढे घेऊन हजर. पेढा तोंडात असतानाच पोरीनं हिशेब मांडला: बसले 14 लाखांच्या आसपास, म्हणजे माझ्यापुढं 70 हजार. काकूंनी डबा मिटला. माझी आई मात्र डगमगली नाही. “नाथषष्ठीला याच्यापेक्षा मोठी रांग असते. दर्शन होतंच की!”

मग दादानं, म्हणजे पोरीच्या वडिलांनी, आईला समजावलं, की 23 आयआयटी मिळून जागा 18 हजारांच्या आसपास, आणि मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या गटात पहिल्या 60-70 पोरांतच संपतं. आई म्हणाली, “म्हणजे त्यांना मुखदर्शन. बाकीच्यांनी कळसाला हात जोडायचे.” सगळी प्रवेशप्रक्रिया याहून सोपी करून सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

खरं तर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातून परत पाठवायचं, यात आमच्या गावाचा अनुभव दांडगा आहे. पवईची आयआयटी 1958 ची. आमचं पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. देशातला पहिला क्रॅश कोर्सही माझ्या मते इथलाच, आणि त्याला ‘कथासरित्सागरा’चा आधार आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. राजाला त्यात मोदक ऐकू आले आणि त्यानं ताटंच्या ताटं मागवली. राणी हसली. राजानं अंथरूण धरलं: संस्कृत येईल तेव्हाच तोंड दाखवीन.

दरबारात दोन पंडित होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहात शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्य चिडला. हे जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज त्यानं लावली. शर्ववर्मा घरी गेला आणि मग त्याला घाम फुटला. जाहिरात आधी, अभ्यासक्रम नंतर, ही प्रथा तेव्हापासूनची. शेवटी त्यानं कार्तिकेयाची आराधना करून एक सुटसुटीत व्याकरण मिळवलं. राजा सहा महिन्यांत पास झाला आणि शर्ववर्म्याला फी म्हणून भडोचचं राज्य मिळालं. दादानं दोन वर्षांच्या क्लासची फी भरलेली आहे. त्याला भडोच वाजवी वाटतं.

गुणाढ्य मुकाट्यानं रानात गेला. तिथं त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांचा ग्रंथ लिहिला. शाई नव्हती, म्हणून रक्तानं लिहिला. राजाकडं पाठवला, तर भाषेवरूनच नापसंत. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. हरणं चारा सोडून रडत ऐकायची. राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी झाली. राजा धावत गेला, तोवर एक लाखच श्लोक उरले होते. त्यातून आलेली ‘बृहत्कथे’ची कीर्ती आजही टिकून आहे. राजाचं संस्कृत पुढं किती टिकलं, याची चौकशी कुणी केलेली नाही.

ज्ञानेश्वरांचं तर सगळ्यांना माहीत आहे. आपेगाव आमच्याच तालुक्यातलं, म्हणजे स्थानिक कोट्यातच बसत होते. पण आळंदीकरांनी कागद मागितला: पैठणच्या ब्रह्मवृंदाचं शुद्धिपत्र आणा. चार भावंडं चालत आली. इथल्या मंडळींनी वडिलांच्या संन्यासावर बोट ठेवलं आणि फाइल अडवली. नागघाटावर रेड्यानं वेद म्हटले, तेव्हा समितीचा नाइलाज झाला, अशी परंपरा आहे. रेड्याला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

दादाचा भर एकनाथांवर. लहानपणीच घर सोडून शिकायला देवगिरीला जनार्दनस्वामींकडं गेले, हिशेबातल्या एका पैसाठी रात्रभर जागले, हे तो पोरीला रोज रात्री जेवताना ऐकवतो. एकदा तीच म्हणाली, “पप्पा, त्यांना चूक सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. माझी चूक सापडली की एक मार्क कापतात.” दादानं त्या दिवशी भाकरी अर्धी टाकली.

घाटावरच्या मंडळींना कुठून तरी कळलंय, की 2018 पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा आहेत. “मग काय, झालंच की!” मुलांची एकही जागा न काढता वर वाढवलेल्या या जागा आहेत आणि त्यातून मुलींचं प्रमाण 20 टक्क्यांवर न्यायचं होतं, असं मी समजावून पाहिलं. एकानं विचारलं, “मग उरलेले 80 टक्के कुठं गेले?” यावर पोरीजवळ उत्तर होतं. पण तिनं ते घाटावर जाऊन द्यावं, अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

दरम्यान नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची वेळ आली. तो 1 एप्रिलनंतरचाच लागतो. दादाला रजा नाही, म्हणून सेतू केंद्राच्या रांगेत मी. एके काळी बाहेरचे लोक ज्या गावात कागद मागायला यायचे, त्या गावात मी स्वतः उभा होतो, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन. खिडकी बंद होती. पुढच्या माणसाचा मुलगा बारावीला होता. त्यानंही तेच विचारलं, “तुमच्या पोरीचा चान्स किती?”

मी म्हटलं, पैठणकरांनी अंदाज सांगू नयेत. आपला इतिहास बघा. आणि गुणाढ्यापासून ज्ञानेश्वरांपर्यंत सगळं ऐकवलं. खिडकी बंद असल्यामुळं श्रोते मनापासून ऐकत होते.

तो गंभीर झाला. “म्हणजे आपल्या गावानं ज्याला नाही म्हटलं, ते माणूस मोठं होतं?”

“नोंद तशीच आहे.”

“मग काका, माझ्या पोराला एकदा नाही म्हणा.”

मी आढेवेढे घेतले. पण माणूस इरेला पेटला होता. शेवटी म्हटलं, “तुमच्या मुलाला काही जमणार नाही.” त्यानं वाकून नमस्कार केला. मागच्या बाईंनी ऐकलं होतं. त्यांची मुलगी नीटला बसणार होती, तिलाही नाकारली. मग सीईटीवाले दोघं आले, एक पोलीस भरतीवाला आला, आणि एकानं तर मुलगा सातवीत आहे तरी आगाऊ नकार घेऊन ठेवला. खिडकी उघडेपर्यंत मी अर्धी रांग नापास केली होती आणि दोन चहा पिऊन झाले होते, तेही दुसऱ्यांच्या पैशानं.

दाखला मात्र त्या दिवशी मिळाला नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, “कागद कमी आहेत, नाही होणार.” रांगेतून एकदम आवाज आला, “काका, अभिनंदन!”